चूलपरीक्षा

रत्नप्रभा चौगुल्यांच्या हातात निकालाचा कागद पडला आणि त्यावरचं शून्य पाहून त्यांना हायसं वाटलं. 'एकूण जुळणी: शून्य.' परीक्षेत शून्य मिळाल्यावर हायसं वाटावं, असे दिवस आले होते खरे. त्यांनी कागदाची घडी करून पिशवीत ठेवली, चष्मा डब्यात घातला आणि शिक्का मारून घ्यायला त्या पुन्हा खिडकीपाशी गेल्या. आता सहा महिने डायलिसिसची काळजी नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

ते चुकलं कसं, हे कळायला आधी ही परीक्षा काय होती ते सांगितलं पाहिजे.

राज्याची आरोग्यछत्र योजना तशी जुनी. ज्या कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेच्या आत, त्याचे मोठे आजार सरकारच्या खर्चानं. एकट्या माणसाला मर्यादा वर्षाला दीड लाख, पुढं प्रत्येक माणसामागं एक लाख जास्त. इथवर सगळं सरळ होतं. घोळ होता तो कुटुंब कुणाला म्हणायचं याचा. कायदा म्हणे, एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. मग ज्यांची मुलं चांगली कमावती होती त्यांनीही म्हाताऱ्या आईबापांची चूल कागदोपत्री वेगळी काढायचा सपाटा लावला. पुढं बंगला, दारात दोन मोटारी आणि मागच्या खोलीतले आजोबा मात्र निराधार! योजनेचा पैसा असा गळत राहिला, आणि खरे गरजू रांगेत मागं मागं सरकत गेले.

त्यावर डॉ. मृणाल सबनीस नावाच्या संशोधक बाईंनी तोडगा काढला. माणसाच्या तोंडात, जिभेवर आणि हिरड्यांच्या कडेनं, शेकडो जातींचे जंतू सुखानं नांदत असतात. प्रत्येकाकडचे वाण थोडे निराळे. जी माणसं एका ताटात जेवतात, एका भांड्याला तोंड लावतात, त्यांचे वाण एकमेकांत मिसळतात. एवढं आधीही ठाऊक होतं. सबनीसबाई त्याच्यापुढं गेल्या. हे जंतू वाढत असताना त्यांच्या जनुकांत ठरावीक वेगानं बारीक बारीक बदल साठत जातात. दोन माणसांकडं एकच वाण सापडला, तर दोन्हीकडं साठलेले बदल मोजायचे. त्यावरून ही दोघं शेवटची कधी एकत्र जेवली, हे महिन्याच्या फरकानं सांगता येई. मायलेकरांचे जंतू जन्मापासूनचे एक असले तरी बिघडत नसे. लेक घर सोडून गेला की त्याच्या तोंडातल्या जंतूंचं घड्याळ वेगळं चालू होई.

कापूस लावलेली एक काडी गालाच्या आतून फिरवायची, यंत्रात ठेवायची. यंत्र तो नमुना राज्यातल्या सगळ्या साठवलेल्या नमुन्यांशी ताडून पाही. मागच्या नऊ महिन्यांत ज्याच्याशी तुमची जुळणी निघाली, तो तुमच्या चुलीवरचा, आणि त्याचं उत्पन्न तुमच्या उत्पन्नात. सरकारी नाव होतं 'सहभोजन निर्देशांक चाचणी'. लोकांनी चूलपरीक्षा म्हणायला सुरुवात केली.

सबनीसबाईंचा हेतू वाईट नव्हता. बंगल्यांतले आजोबा महिन्याभरात सापडले. पण मर्यादेच्या आत असलेल्या माणसानं मर्यादेबाहेरच्या माणसाच्या घरी एक घास खाणंसुद्धा त्या दिवसापासून धोक्याचं झालं, हे काही त्यांच्या शोधनिबंधात नव्हतं.

कुरुंदगाव हे कृष्णाकाठचं तालुक्याचं गाव. तिथं दत्त चौकामागच्या दीड खोलीत रत्नप्रभाबाई शाळेचे गणवेश शिवून पोट भरत. वय एकसष्ट. मालक जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि पाच वर्षांपूर्वी दोन्ही मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी चार चार तास यंत्राला जोडून घेतलं की आठवडा निघे. कार्ड बंद पडलं तर आठवडा निघणार नाही, हे डॉक्टरांनी त्यांना आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

मुलगा सन्मती पुण्याला बॅटरीच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याचा पगार मर्यादेच्या कितीतरी वर. परीक्षा सुरू झाली त्या वर्षी तो महिन्यातून एकदा यायचा. येताना स्वतःची पाण्याची बाटली आणायचा, खुर्चीवर बसायचा, आणि जेवायची वेळ झाली की स्टँडसमोरच्या हॉटेलात जायचा. "आई, उगाच रिस्क नको," म्हणायचा. ते बाईंनाही पटायचं. आपल्याच पोराला बिनजेवता उठताना पाहणं किती जड जातं, हे त्या मात्र त्याला कधी बोलल्या नाहीत. पुढं तो चार महिन्यांनी यायला लागला. मग फोनच. नियमापुढं पोराचा नाइलाज आहे, असं बाई शेजारपाजारी सांगत. त्या नियमामुळं त्याचं जरा बरंच झालं होतं, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. डायलिसिसचा खर्च त्याला झेपला असता का? ओढाताण झाली असती, पण झेपला असता. तो विषय दोघांनीही कधी काढला नाही.

आणि बाई मुळात नियमाच्या पक्क्या. पाणी गाळून उकळून प्यायचं, सूर्य मावळायच्या आत जेवायचं, ही जैनाघरची शिस्त अंगात मुरलेली. त्यात ही नवी भर पडली. शेजारच्या मास्तरीणबाईंकडून येणारी आमटीची वाटी बंद झाली. लग्नाचं बोलावणं आलं की आहेर पाठवायचा, पंगतीला जायचं नाही. मशिनवर दिवसभर शिवताना कुणी चहा विचारला तर "आत्ताच झाला" म्हणायचं. इतर कार्डवाले चोरूनमारून कुठं ना कुठं खातपीत. रत्नप्रभाबाईंनी मात्र परीक्षा सुरू झाल्यापासून परक्या हातचा एक शेंगदाणासुद्धा तोंडात टाकला नव्हता.

खिडकीमागं अंजुम मुल्ला नावाची कारकून होती. तिनं कागद पाहिला, पुन्हा पाहिला, आणि आवाज खाली आणला.

"अक्का, हे शून्य आलंय."

"होय की. पाणीसुद्धा कुणाकडचं प्यायले नाही मी."

"तोच घोळ झालाय. शून्य कुणाचंच येत नाही."

"म्हणजे?"

"गेल्या साली काही लोकांनी परीक्षेच्या आधी औषधानं गुळण्या करून तोंडातले जंतूच मारून टाकले. वरनं प्रयोगशाळेत वाढवलेले विकत घेऊन लावले. तसल्यांचं शून्य यायचं. म्हणून यंदापासून यंत्रात नियम घातलाय. माणूस जिवंत असंल तर कुणा ना कुणाशी थोडं तरी जुळायलाच पाहिजे. नाही जुळलं तर नमुना खोटा."

"पण मी खरीच एकटी आहे हो, अंजुम."

"मला दिसतंय की, अक्का. यंत्राला कसं सांगू?"

इतका सचोटीनं एकटेपणा पाळला, आणि त्यावरच लबाडीचा ठपका! बाईंचे डोळे भरून आले. रडू आलं त्याहून जास्त त्यांना राग आला.

"एकवीस दिवस आहेत," अंजुम म्हणाली. "तोवर कार्ड चालू राहील. तेवढ्यात दुसरा नमुना द्या. रोज कुणाबरोबर तरी जेवा, एका ताटात. फक्त माणूस मर्यादेतला बघा, आणि एकच बघा."

"कुणाबरोबर जेवू?"

अंजुमनं टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. "मी आले असते हो. माझा पगार आडवा येतो."

शुक्रवारी डायलिसिसला शेजारच्या पलंगावर सोनाराची विधवा वहिनी असे. दोन वर्षांची ओळख. बाईंनी तिला विचारून पाहिलं. वहिनीनं डबा स्वतःकडं ओढून घेतला आणि म्हणाली, "तुमचा मुलगा पुण्याला मोठ्या पगारावर ना? नको बाई. माझं कार्ड जायचं." ती चुकीचं बोलली नव्हती. तिच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं, हे बाईंना ठाऊक होतं, आणि त्यामुळं तिच्यावर रागावताही येईना.

तहसील कचेरीबाहेर सर्जेराव झेरॉक्सवाला बसे. दाखले, अर्ज, फोटो, सगळं त्याच्याकडं मिळे. बाईंचा चेहरा पाहून त्यानं विचारलं, "शून्य आलं का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"महिन्यातनं दोन-तीन येतात तुमच्यासारखे. सोबत देऊ का? बाईमाणूस हाय, मर्यादेतलं, स्वच्छ. दिवसाला साठ रुपये आणि जेवण. पंधरा दिवस जेवली की जुळणी पक्की."

जेवायला माणूस भाड्यानं मिळतो, हे ऐकून बाईंना स्वतःचीच लाज वाटली. तरी त्यांनी होय म्हटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचाच्या सुमाराला हौसाबाई आली. साठीच्या पुढची, सडपातळ, भाजी मंडई झाडून हातांना घट्टे पडलेली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. दारातच तिनं पाय धुतले आणि ताट कुठं मांडायचं ते विचारलं.

बाईंनी बिनकांद्याची दोडक्याची भाजी केली होती आणि ज्वारीच्या तीन भाकरी थापल्या होत्या. दोघी एका ताटाला बसल्या. बाईंनी जन्मात कुणाचं उष्टं खाल्लं नव्हतं. घास तोंडापाशी नेला आणि हात थांबला.

"घ्या की, अक्का," हौसाबाई म्हणाली. "लाजताय म्हून यंत्र थांबतंय व्हय?"

"लाजत नाही. सवय गेली."

"माझी बी गेलती. पयल्या घरात चार दिस मला घासच उतरंना. आता काय वाटत न्हाई."

तिसऱ्या दिवशी बाईंनी भाकरी चार केल्या. पाचव्या दिवशी सकाळीच, आज काय करावं, असा विचार करत त्या अंथरुणातून उठल्या, आणि असं किती दिवसांत झालं नव्हतं ते आठवत बसल्या. हौसाबाई भरभर जेवे आणि भरभर बोले. मंडईतल्या भांडणांच्या नकला करे. हसताना बाईंना दम लागे, पण त्या हसत. पैसे देताना मात्र त्या तिच्याकडं पाहत नसत. साठ रुपये रोज तिच्या हातावर ठेवायचे, तिनं ते पदराच्या गाठीला बांधायचे. ही उद्याही येईल ती या साठ रुपयांसाठीच, असं त्या मनाला बजावत, म्हणजे नंतर त्रास व्हायला नको.

दहाव्या दिवशी हौसाबाईनं पिशवीतून फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी काढली.

"ही कुठली?"

"मास्तरांकडची. नदीपल्याडचं पाटील मास्तर हाईत, एकटंच. पुढच्या महिन्यात त्यांची परीक्षा. माझ्यासाठी जास्तीचं करत्यात, मग उरतंय. अन्न टाकवत न्हाई मला. त्यांच्यात काल सोनगेबाईकडची उरलेली नेलती."

"अशी किती घरं तुमची, हौसाबाई?"

"तुमी धरून आठ. सर्जेराव म्हंतो, एका वक्ताला एकच घर धर. पंधरा दिस झालं की दुसरं. पर पंधरा दिस झालं म्हून माणसाला टाकून द्यायचं का? मास्तर वाट बघत बसत्यात. मग अधनंमधनं जाते सगळ्यांकडं. त्याचं पैसं घेत न्हाई मी."

तिनं वाटीत थोडं ताक मागितलं, त्यात भाकरी कुस्करली, मीठ टाकलं आणि वाटी ताटात दोघींच्या मधे ठेवली. रत्नप्रभाबाईंच्या घरात शिळं अन्न माहेरापासून कधी चाललं नव्हतं. ताकही डॉक्टरांनी बेतानं घ्यायला सांगितलेलं. पण पैसे न घेता आठ घरं फिरणारी ही बाई समोर बसली होती, आणि तिला नाही म्हणणं बाईंच्यानं झालं नाही. त्यांनी दोन घास घेतले. चांगला लागला कुस्करा.

भाकरी चुलीवर गरम केली असती तर तिच्यावरचे जंतू मेले असते. थंड ताकात ते मजेत राहिले.

मुदतीच्या विसाव्या दिवशी बाईंनी दुसरा नमुना दिला. दोन दिवसांनी निकाल लागला. 'एकूण जुळणी: आठ. कुटुंबातील व्यक्ती: नऊ. सुनावणीस हजर राहावे.'

सुनावणी तहसील कचेरीच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये होती. नऊ माणसं आली होती आणि प्रत्येकानं एक खुर्ची सोडून पुढची खुर्ची घेतली होती. प्रत्येकाकडं आपापली बाटली. पाटील मास्तर कोणते, सोनगेबाई कोणत्या, हे बाईंना कळेना. एकमेकांची शिळी भाकरी खाल्लेली ही माणसं एकमेकांकडं पाहायचंही टाळत होती. हौसाबाई मधे उभी राहून पदराला घाम पुसत होती. "माझ्यामुळं झालं, माझ्यामुळं झालं," एवढंच ती म्हणत होती.

नायब तहसीलदार इनामदार मॅडम आल्या. पन्नाशीच्या, दमलेल्या, पण बोलायला बऱ्या.

"हे बघा, यंत्राच्या दृष्टीनं तुम्ही नऊ जण एक कुटुंब आहात. सगळ्यांची सगळ्यांशी जुळणी आहे. हौसाबाई मधोमध येतात, म्हणून त्या कुटुंबप्रमुख."

"मी?" हौसाबाई घाबरून म्हणाली. "मला सही बी येत न्हाई, बाईसाहेब."

"अंगठा चालेल. आता दोन वाटा आहेत. एक, तुम्ही हे नाकारायचं. मग नऊ महिने वेगळं राहून दाखवायचं, आणि तोवर सगळ्यांची कार्डं बंद."

"मला नऊ दिवस निघायचे नाहीत," मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. त्यांच्या हाताला डायलिसिसची पट्टी होती. हेच पाटील मास्तर असावेत.

"दुसरी वाट, कुटुंब मान्य करायचं. नऊ माणसांना मर्यादा साडेनऊ लाख. तुमचं सगळ्यांचं मिळून होतं नऊ लाख तीस हजार. म्हणजे बसता. कार्ड आजपासून चालू. पण सह्या नऊच्या नऊ हव्यात. चौगुलेबाईंचं उत्पन्न सगळ्यात कमी आहे, सत्तर हजार. त्या एकट्या जरी गळाल्या तरी उरलेले आठ मर्यादेच्या वर जातात. आणि सह्या करून भागणार नाही. दर सहा महिन्यांनी परीक्षा आहे, तेव्हा एकत्र जेवावं लागेल."

एकेक जण उठला आणि सही करून आला. अंजुम मुल्ला अर्ज भरून घेत होती. बहुतेकांना मागंपुढं कुणी नव्हतं, त्यांचं काम झटपट झालं. शेवटी रत्नप्रभाबाई राहिल्या.

"अक्का, तुमचं जरा वेगळं आहे," अंजुम म्हणाली. "तुम्हाला मुलगा आहे. नव्या कुटुंबात यायचं तर जुन्यातनं नाव कमी करावं लागतं. कायमचं. आणि वेगळं कोणी केलं, ते लिहावं लागतं. दोनच पर्याय आहेत. 'मुलाने' किंवा 'स्वतः'."

"त्यानं काय फरक पडतो?"

उत्तर इनामदार मॅडमनी दिलं. "'मुलाने' लिहिलंत तर त्याला नोटीस जाते. आईला सांभाळलं नाही म्हणून पाच वर्षांचा खर्च त्याच्या पगारातून वळता होतो. 'स्वतः' लिहिलंत तर त्याला काही नाही. पण मग तुमचाही त्याच्यावर हक्क राहत नाही. ऑपरेशनची संमती, दवाखान्यातून बोलावणं, आणि नंतरचं… शेवटचं सगळं, ते नव्या कुटुंबप्रमुखानं करायचं. मुलाला कळवायचं बंधनही कुणावर राहत नाही."

"एक फोन करू का?"

"करा की."

त्या खिडकीपाशी गेल्या. पहिल्या खेपेला फोन उचलला गेला नाही. दुसऱ्या खेपेला सन्मती दबक्या आवाजात बोलला.

"आई, मीटिंगमध्ये आहे गं. काय झालं?"

"कार्डाचं काम आहे. एक सही मागतायत. माझं नाव आपल्या कुटुंबातून कमी करायचं म्हणतात."

"मग कर ना. कार्ड चालू राहतंय ना?"

"राहतंय. पण कायमचं कमी होणार म्हणे."

"कागदच आहे, आई. कागदानं काय होतं? कर सही."

"तू एकदा येऊन जाशील का?"

"मार्चनंतर बघू. आता खूप गडबड आहे. ठेवू का?"

त्यांनी होय म्हणायच्या आधीच तिकडं कुणीतरी त्याला हाक मारली आणि फोन बंद झाला. दोन पर्यायांचं त्याला सांगायचं राहूनच गेलं. राहून गेलं असं तरी कसं म्हणावं? सांगायचं नाही, हे त्यांनी खिडकीकडं येतानाच ठरवलं होतं.

परत खुर्चीवर येऊन त्या अर्जाकडं पाहत बसल्या. पाच वर्षांत जेवढं गिळलं होतं ते सगळं वर आलं. ती बाटली, ते स्टँडसमोरचं हॉटेल, ते "मार्चनंतर". खरं काय ते त्या पहिल्या रकान्यात होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा सरकार त्यांना खरं विचारत होतं. एक फुली मारली की पुण्याला पत्र जाईल, त्याच्या साहेबाच्या टेबलावर पडेल, आणि मग तो येईल. धावत येईल. भांडायला का होईना, येईल. बाईंना तो दारात उभा दिसायलासुद्धा लागला.

मागं आठ माणसं त्यांच्या पाठीकडं पाहत होती.

"अक्का, काय लिहू?" अंजुमनं हळूच विचारलं. "कुणी केलं वेगळं?"

"मीच," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "मीच निघाले घरातून. तो नको नको म्हणत होता."

अंजुमनं वर पाहिलं. तिनं दुसऱ्या रकान्यात फुली मारली आणि अर्ज त्यांच्यासमोर सरकवला. बाईंनी सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं, याचं त्यांना नवल वाटलं.

खाली कचेरीच्या आवारात लिंबाच्या झाडाला पार होता. नऊ जण त्याच्याभोवती घुटमळले. घरी जावं तर सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा, आणि थांबावं तर बोलायचं काय? शेवटी हौसाबाईनं पिशवीतून मोठं ताट काढून पारावर ठेवलं आणि सगळ्यांना डबे उघडायला लावले. मास्तरांच्या डब्यात साधा वरण-भात होता. हौसाबाईनं हाक मारली त्या सोनगेबाईंनी थालीपीठ आणलं होतं. कुणी मेथी, कुणी नुसती चटणी. सगळं एका ताटात आलं. माणसं खाली मान घालून, एकमेकांच्या बोटांना बोट लागू न देता, बेताबेतानं घास उचलू लागली. औषध घ्यावं तशी जेवत होती सगळी. कोण कुणाचं नाव विचारीना. रत्नप्रभाबाईंनाही विचारवेना. इतकी माणसं भोवती असताना इतकं एकटं त्यांना आजवर कधी वाटलं नव्हतं. दीड खोलीत निदान दार लावून घेता यायचं.

फोन वाजला. सन्मतीचा होता.

"झालं का काम?"

"झालं."

"बघ, म्हटलं नव्हतं? कागदच होता." त्याच्या आवाजात मोकळेपणा होता. "जेवलीस का?"

"बसलेय जेवायला."

"आत्ता? कुणाबरोबर?"

त्यांनी समोर पाहिलं. पाटील मास्तरांच्या घासातून भाताची शितं पारावर सांडत होती. हौसाबाई ती एकेक वेचून ताटाच्या कडेला ठेवत होती. बाकीच्या पाचांची नावं बाईंना अजून ठाऊक नव्हती.

"घरच्यांबरोबर," त्या म्हणाल्या.

पलीकडून तो मग "बरं" म्हणाला. त्याची पुढची मीटिंग सुरू व्हायची होती.